मी कुठेही गेलेलो नाही

दादा, बुधवारी सकाळी तू लिहिलंस की कोच कुठेही जाणार नाही. आणि तू तर मंगळवारी सकाळीच गेला होतास.

मी ट्रॅममध्ये होते. झूटरमेरहून डेन हागला जाणारी, आपली रोजची. बाहेर आदल्या दिवशीइतकंच धुकं होतं, कालव्याच्या कडेची झाडं कमरेपासून वरच तेवढी दिसत होती. आपल्या विद्यापीठाच्या टीमच्या चाहत्यांचं ते पान मी उघडलं ते निव्वळ सवयीने. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, हाताला काहीतरी करायला हवं होतं. आणि सगळ्यात वर तुझं नाव. शेजारी तुझी ती जुनी टोपी घातलेला फोटो. खाली लिहिलेलं, ‘दोन तासांपूर्वी’.

‘ज्या माणसाने परवा सगळ्यांसमोर सांगितलं की मी कुठेही जाणार नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायचा की विमानतळावरच्या अफवांवर? मी माणसावर ठेवतो.’

तू लिहायचास इंग्रजीत, पण मला ते नेहमी मराठीतच ऐकू यायचं, तुझ्या सदाशिव पेठी आवाजात. त्या दिवशीही आलं. इतकं स्पष्ट आलं की मी मान वर करून समोरच्या सीटकडे पाहिलं. तिथे एक डच बाई कुत्र्याला मांडीवर घेऊन बसली होती आणि तो कुत्रा माझ्याकडे बघत होता.

मग आठवलं. अमेरिकेत भांडणाला रंग चढायचा तेव्हा आपल्याकडे पहाट असायची, आणि तू दहाला झोपणारा माणूस. म्हणून तू पोस्टी आधी लिहून ठेवायचास आणि वेळ लावून द्यायचास. ‘ते जागे असतात तेव्हा मीही जागा पाहिजे, नाहीतर वादाला मजा काय,’ म्हणायचास. आठवलं, पटलंही. तरी ऑफिस येईपर्यंत मी त्या सीटकडे पुन्हा पाहिलं नाही.

तू कोण होतास हे लोकांना मी काय सांगू? ऑफिसच्या लेखी तू माझा टीम लीड. पण त्याच्या आधी तू मला सापडलास तो एका दिवाळीच्या कार्यक्रमात, आपल्या विद्यापीठाचं तपकिरी स्वेटर घातलेला. मी धावत आले होते. मक्याच्या शेतांमधलं ते विद्यापीठ, तिथून आठ वर्षांच्या अंतराने आपण दोघं एमएस करून निघालो, आणि दोघांनाही तिथून हीच एक न जाणारी खोड लागली. हातात बॉल घेऊन पळायचं, एकमेकांच्या अंगावर आदळायचं, तो अमेरिकन कॉलेज फुटबॉल. या देशात फुटबॉल म्हटलं की लोकांना दुसरंच काही कळतं. आपल्याला वेड्यात काढणारे डच सहकारी होते, वेड्यात काढणारी माणसं आपापल्या घरी होती. माझा नितीन म्हणायचा, ‘तुम्ही दोघं तिकडे शिकायला गेला होतात की बाधा घेऊन आलात?’

सहा मोसम आपण शनिवारी संध्याकाळी तुझ्या दिवाणखान्यात बसलो. सहाला मॅच. वर्षावहिनींचं भडंग, आल्याचा चहा, आणि जिन्यात बसून अभ्यासाचं नाटक करणारी तुझी लेक ईशा. तिला खेळात काडीचा रस नव्हता. तिला तुझं ओरडणं ऐकायचं असायचं.

या मोसमात खेळ मागे पडला आणि कोच पुढे आला. नऊ वर्षांत आपल्या पडक्या टीमला त्याने उभं केलं, आणि आता दक्षिणेतलं एक मोठं विद्यापीठ त्याच्यामागे लागलं होतं. पानावर दोन तट पडले. राहणार म्हणणाऱ्यांचा तू म्होरक्या. जाणार म्हणणाऱ्यांचा म्होरक्या त्याच गावातला एक म्हातारा शेतकरी, जो स्वतःला ट्रॅक्टर म्हणवायचा. त्याचं खरं नाव आपल्याला कधीच कळलं नाही. आणि मी? मी तुझ्या सोफ्यावर बसून ट्रॅक्टरच्या बाजूने भांडत होते.

शेवटच्या शनिवारी तर फारच भांडले.

‘शब्द दिला म्हणजे काय असतं अश्विनी?’ तू म्हणालास. ‘त्या पोरांना त्याने घरोघरी जाऊन आणलंय. आयांच्या हातचं जेवलाय.’

‘दादा, तो नोकरी करतो. त्या गावाशी लग्न नाही लावलेलं त्याने.’

‘मग तसं सांगावं. मी नोकरी करतो, चांगली मिळाली की जाईन. कॅमेऱ्यासमोर “हे माझं घर आहे” कशाला म्हणायचं?’

‘कारण खरं सांगितलं तर उद्यापासून त्याला कोणी घरात घेणार नाही! तुझ्यासारखीच माणसं घेणार नाहीत!’

माझा आवाज चढला होता. जिन्यात ईशाने पुस्तकातून डोकं वर काढलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तू टीव्हीचा आवाज कमी केलास आणि माझ्याकडे बघत राहिलास. रागाने नाही. एखादं गणित सोडवणाऱ्या पोराकडे बघावं तसा. ते बघणं तेव्हा मला फार चिडवून गेलं.

निघताना तू दारापर्यंत आलास. मी बूट घालत होते. ‘अजून काही बोलायचं होतं का?’ असं विचारलंस.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘तुझा कोच जाणार, एवढंच.’

माझ्या बॅगेत आर्नहेमच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र होतं, दादा. आदल्या दिवशी सही केलेलं. मी तेच सांगायला आले होते. मला या देशात उभं केलंस तू, मुलाखतीत माझ्या अडखळत्या उत्तरांना पुढे ढकलत नेलंस तू, माझ्या पहिल्या चुकीचं खापर स्वतःवर घेतलंस तू. आणि मी तीन तास एका अनोळखी माणसाची वकिली करून घरी गेले.

मंगळवारी सकाळी तू नेहमीसारखा सायकल घेऊन स्टॉपकडे निघालास. पुढचं सगळं मला वहिनींकडून कळलं. वाटेत कालव्याकाठी बाक आहे, तिथे तू थांबलास. सायकल स्टँडवर लावलीस. कुलूप लावलंस. किल्ली खिशात घातलीस, खिशाची चेन ओढलीस, आणि बाकावर बसलास. कुत्र्याला फिरवणारी एक बाई पहिल्यांदा तुझ्यापुढून गेली तेव्हा तिने ‘मोर्खेन’, शुभ सकाळ, म्हणून हाक घातली. धुक्यात तिला वाटलं की तू मान हलवलीस. परत येताना तिने पुन्हा हाक घातली. डॉक्टर म्हणाले, हृदय, आणि बसल्या क्षणीच. मग ती मान कधी हलली, हे कोणी सांगू शकलं नाही. ती बाई वहिनींना भेटायला आली तेव्हाही तेच म्हणत होती, ‘पण त्यांनी मला उत्तर दिलं होतं.’

गुरुवारी ट्रॅक्टरने पानावर तुला डिवचलं. त्याला काय माहीत. ‘नेदरलँड्सचे साहेब गप्प का? काल प्रश्न विचारला, उत्तर नाही. पळालात वाटतं.’

मी ते जेवणाच्या सुट्टीत वाचलं. तुझ्या रिकाम्या टेबलावर कोणीतरी पांढरी फुलं ठेवली होती. मी सांगणार होते, खरंच सांगणार होते, बोटं अक्षरांवर ठेवली होती, आणि तेवढ्यात पान हललं आणि तुझं उत्तर आलं.

‘मी कुठेही गेलेलो नाही. इथेच आहे. फक्त तुम्ही लोक झोपेतून उठायची वाट बघत होतो.’

मी फोन पालथा घातला. सरळ प्रसाधनगृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. तू हे सोमवारी लिहिलं असणार, ट्रॅक्टर दर आठवड्याला ‘पळालात’ म्हणतोच, तुला ते पाठ होतं. मी हे सगळं आरशात बघत स्वतःला मोठ्याने सांगितलं, अगदी मराठीत. शेजारून सहकारीण बाहेर आली आणि घाबरून हात न धुताच गेली.

त्या दुपारी मी एक गोष्ट केली, जी मी अजून नितीनलाही सांगितलेली नाही. तुझ्या त्या उत्तराखाली मी लिहिलं, ‘आणि ज्याला जायचंय त्याने काय करावं?’ मला माहीत होतं की तू नाहीस. तरी विचारलं. आणि मग दोन दिवस घटकाघटकाने पान उघडून बघत राहिले.

शुक्रवारी वहिनींचा फोन आला. मला वाटलं सोमवारच्या अंत्यविधीच्या तयारीचं काही असेल.

‘उद्या ये,’ त्या म्हणाल्या. ‘सहाला. मॅच आहे ना?’

‘वहिनी…’

‘घरात शनिवारसारखा आवाज पाहिजे अश्विनी. मला नाही सहन होत हे.’

आले. तुला अजून निरोप द्यायचा होता, तू शहराच्या दुसऱ्या टोकाला एका थंड खोलीत होतास, आणि आम्ही तिघी तुझ्या टीव्हीसमोर बसलो. वहिनींनी भडंगही केलं होतं. कोणी हात लावला नाही. तुझी खुर्ची आम्ही सगळ्यांनी सोडून दिली, आणि तिच्याकडे पाठ होईल असं कोणीच बसलं नाही. समालोचक सारखा कोचबद्दल बोलत होता. कॅमेरा सारखा त्याच्या चेहऱ्यावर. तो चेहरा मी इतक्या वर्षांत प्रथमच नीट पाहिला. थकलेला माणूस होता. खेळाडूंकडे बघत होता, पण निघायच्या आधी घराकडे बघतात तसा.

पावणेसातच्या सुमाराला, मघाशी उठून जिन्यात जाऊन बसलेल्या ईशाचा आवाज आला.

‘पापाने पोस्ट केलंय.’

वहिनींनी टीव्ही बंद केला. ईशा खाली आली, फोन पुढे धरून. मी वाचलं, मग वहिनींसाठी मराठीत पुन्हा वाचलं.

‘ज्याला जायचंय त्याने दारात उभं राहून सांगावं, एवढंच. आम्ही आधी खूप ओरडू. मग वाटेत खायला डबा बांधून देऊ. जाण्याचा राग नसतो रे कोणाला. न सांगता जाण्याचा असतो.’

खोलीत हीटरचा बारीक टकटक आवाज येत होता. मी विचारलेला प्रश्न त्याच फोनवर, थोडा वर, माझ्या नावासकट दिसत होता. तिघींनी तो वाचला. ईशा माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्या डोळ्यांत तू दिसत होतास. गणित सोडवणाऱ्या पोराकडे बघणारा.

मग मी बोलले, दादा. तुला नाही, तुझ्या बायकोला. आर्नहेमचं सगळं सांगितलं. पत्र, सही, तो शनिवार, दारातलं ते ‘नाही’.

वहिनींनी भडंगाची वाटी बाजूला सारली. ‘त्याला माहीत होतं,’ त्या म्हणाल्या.

‘काय?’

‘दीड महिना होऊन गेला. तुझ्या नव्या ऑफिसातली एक बाई पूर्वी याच्याबरोबर कामाला होती. तुझ्याबद्दल विचारायला फोन केला तिने. थंडीत बाहेर बागेत उभा राहून अर्धा तास बोलला. आत आला, म्हणाला, अश्विनी चालली. आणि इतकं चांगलं बोललो तिच्याबद्दल की आता ते तिला सोडणार नाहीत.’

‘मग मला विचारलं का नाही?’

‘मीही तेच म्हटलं. म्हणाला, मी विचारून उपयोग नाही, तिनेच सांगायला हवं. मी शनिवारी कोचचा विषय काढतो. बोलेल.’

सहा शनिवार. सहा शनिवार तू मला दार उघडून देत होतास, आणि मी प्रत्येक वेळी ते तुझ्या तोंडावर आपटत होते.

सोमवारी तुला निरोप दिला. पुण्याहून वहिनींचा भाऊ आला होता. इथल्या पद्धतीप्रमाणे सगळं घड्याळावर, पुढच्या कुटुंबाची माणसं बाहेर उभी. बोलायला मला सांगितलं होतं. मी फुटबॉलबद्दल बोलले, लोक हसले, आणि मी खरं काहीच बोलले नाही. तुझ्यासमोर न बोलण्याची मला सवयच लागली आहे.

संध्याकाळी घरी येऊन मी पानावर सगळ्यांना कळवलं. चार ओळी. तू मागच्या मंगळवारी गेलास, नंतर आलेलं सगळं तू आधी लिहून ठेवलेलं होतं. आठ-नऊशे माणसांचं ते गजबजलेलं पान, आणि सगळ्यांत आधी लिहिलं ते ट्रॅक्टरने.

‘मग आठवडाभर मी कोणाशी भांडत होतो?’

आणि जरा वेळाने, ‘बाई, मी सत्तर वर्षांचा आहे. त्याने मला शुक्रवारी उत्तर दिलंय. माझ्या बायकोच्या ऑपरेशनबद्दल विचारलंय. ते ऑपरेशन ठरलं बुधवारी.’

मी ती पोस्ट शोधली. शुक्रवारची, तुझ्या नावाची. ‘आणि म्हातारबा, बायकोची तब्येत कशी आहे?’ एवढंच होतं. तिचे गुडघे दुखतात हे त्याने कधीतरी लिहिलेलं, तू लक्षात ठेवलं असशील. मी तसं त्याला कळवलं. त्याने ‘असेल’ म्हणून उत्तर दिलं. मीही ‘असेल’च म्हणते. तुझ्याबाबतीत माणुसकी आणि भुताटकी यांच्यात मला हल्ली फरक करता येत नाही.

पुढच्या रविवारी कोच गेला. मोसमातली शेवटची मॅच जिंकून, सकाळी विमानाने. पोरांना फोनवर निरोप टाकला, समोर बोलावलं नाही. पानावर शिव्यांचा पाऊस पडला. मी जिंकले होते, दादा. आपला इतक्या दिवसांचा वाद मी जिंकले होते. आणि मग मला त्या माणसाची कीव आली. त्यालाही कोणीतरी दारात विचारलं असेल, अजून काही बोलायचं होतं का.

दुसऱ्या दिवशी मी आपल्या मॅनेजरना राजीनामा दिला. मेलने नाही. त्यांच्या केबिनच्या दारात उभी राहून सांगितला. ते बिचारे गोंधळले, म्हणाले, बसा तरी. मी बसले नाही.

काल ईशाने मला बोलावलं. शाळेतून येऊन ती तुझा लॅपटॉप उघडून बसली होती. त्या पानावरचं तुझं खातं अजून उघडंच होतं. तिने मला यादी दाखवली. पाठवलेल्या पोस्टी, आणि प्रत्येकीपुढे ती कधी लिहिली ती वेळ. डब्याची पोस्ट तू त्या भांडणाच्या शनिवारी लिहिली होतीस, मी तुझ्या घरून निघाल्यावर वीस मिनिटांनी. म्हणजे मी प्रश्न विचारण्याच्या पाच दिवस आधी. दार लावलंस, आत आलास, आणि उत्तर लिहून ठेवलंस.

‘अजून एक आहे,’ ईशा म्हणाली.

पाठवायच्या यादीत एकच उरली होती. पुढच्या मोसमातली पहिली मॅच, सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी. पूर्ण वाचायची तर तिच्यावर बोट ठेवावं लागतं. बाहेर फक्त पहिले शब्द दिसतात. मराठीत सांगायचं तर, ‘सांगितलं होतं ना मी…’

वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ते वाचलं.

‘ओपन करू?’ ईशाने विचारलं.

‘नको. त्याने वेळ लावलीय ना, त्या वेळेला येऊ दे.’

‘बट मम्मा, कोच इज गॉन. पापा चुकला.’

‘ते कोचबद्दलच आहे असं तुला कोणी सांगितलं?’ वहिनी म्हणाल्या, आणि लॅपटॉप मिटला.

तिघी तशाच बसून राहिलो. बाहेर चार वाजताच अंधारून आलं होतं आणि काचेत आम्हीच दिसत होतो, तिघी, आणि मागे तुझी खुर्ची. कोणी वळून पाहिलं नाही.

मी आर्नहेमला जातेय. तिथून झूटरमेरला पोचायला दोन गाड्या बदलाव्या लागतात, पण त्या शनिवारी मी येणार आहे, सहाच्या आधी. वहिनींना शब्द दिलाय. सहा वाजून पाच मिनिटांनी तू बोलशील. नऊ महिने आहेत मध्ये. नऊ महिन्यांत काय काय घडेल, कोण कुठे असेल, ते आम्हाला कोणालाच माहीत नाही. तू मात्र ते सांगून ठेवलं आहेस.